आटे गेले, स्क्रू गोल झाला, आता गाडीचं काम सोडून देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाईकडच्या एका शिक्षकांकडं हिरो होंडाच्या काळातली जुनी स्प्लेंडर आहे. गॅरेजवाला दर वेळी काहीतरी गुंडाळतो असं वाटून त्यांनी पान्यांचा सेट घेतला अन् घरीच काम सुरू केलं. पहिल्याच ऑइल बदलीत ड्रेन नटला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइल सोडायच्या नटाला, पान्यावर पाइप लावून आवळला तर आटे गेले. पुढच्या रविवारी संध्याकाळी कार्बोरेटर खोलायला बसले तर खालच्या वाटीचे दोन स्क्रू गोल झाले, अन् एक बारकी स्प्रिंग अंगणात उडाली ती अजून सापडंना. सोमवारी शाळेला बसनं गेले. घरचे हसायलेत, गॅरेजवाला म्हणतोय सर तुम्ही पोरं शिकवा, आमचं आम्हाला करू द्या. त्यांचं विचारणं एवढंच की हे माझ्या हातालाच नाही का, सोडून देऊ का.

सर, मी लातुरात गॅरेज चालवतो. पाना हातात धरून सत्तावीस वर्षं झाली, त्याआधी तीन वर्षं नांदेडला उस्तादाकडं नुसतं डिझेलमध्ये पार्ट धुवायचं काम केलं. तुमच्यासोबत जे झालं ते सगळं माझ्यासोबत झालंय, फरक एवढाच की माझं दुसऱ्याच्या गाडीवर झालं अन् पैसे माझ्या पगारातून कटले. त्यामुळं हाताचा विषय आधी सोडा. तुमच्या लिहिण्यात मला हातापेक्षा जास्त खटकलं ते रविवार संध्याकाळ, पण त्यावर नंतर येतो, आधी नट.

ड्रेन नट लोखंडाचा असतो अन् ज्या चेंबरमध्ये तो बसतो ते ॲल्युमिनियमचं. म्हणजे भांडण लागलं की हरणारा आधीच ठरलेला आहे, आणि दुर्दैवानं हरणाराच महाग आहे, नट चाळीस-पन्नास रुपयाला कुठंही मिळतो. १२ एमएमचे आटे अन् १७ चा पाना, अशा नटाला कंपनी साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर जोर सांगते. न्यूटन मीटर तुम्ही शाळेत शिकवत असाल, मी आपला माझ्या हिशोबानं सांगतो. रिंग पाना वीतभर म्हणजे २० सेंटीमीटर धरला तर त्याच्या टोकाला बारा-तेरा किलोचा जोर पडला की काम झालं, बारा-तेरा किलो म्हणजे पाण्यानं भरलेली लहान घागर उचलायला लागतो तेवढा. आता त्याच पान्याला तुम्ही ६० सेंटीमीटरचा पाइप घातला, हात तोच, घागर तीच, पण नटावर जोर तिप्पट गेला. ॲल्युमिनियम काय करणार बिचारं.

अन् आटे जायच्या आधी नट सांगतो बरं का, आपण ऐकत नाही. आवळत आणला की तो घट्ट-घट्ट होत येतो, आणि मग एकदम मऊ लागतो, लोण्यात फिरल्यासारखा. त्या मऊपणाला नव्या माणसाला वाटतं अजून बसतोय नट, द्या अजून अर्धा फेरा. तो अर्धा फेरा म्हणजे आटे सोलून निघायलेत. मऊ लागलं की तिथंच हात काढायचा. माझा उस्ताद दख्खनी बोलायचा, पाइप हातात दिसला की लांबूनच ओरडायचा, "नक्को रे बाबा, नट हय वो, बैल नय!" ढिला राहील ही जी भीती असते ना तिचं खरं औषध पाइप नाही, नटाखालचं वायसर आहे. तेल धरायचं काम ते दबलं जाऊन करतं, त्यामुळं दर ऑइल बदलीला नवीन टाकायचं. जुनं दबलेलं वायसर ठेवलं की नट गळतो, गळतो म्हणून माणूस अजून आवळतो, अन् मग तुमच्यासारखा प्रश्न लिहायला बसतो.

आता झालं त्याचं काय करायचं. एक जाड नट मिळतो, ओव्हरसाइज, तो स्वतःच नवे आटे पाडत आत जातो. चालतो, पण पुढच्या दोन-चार ऑइल बदलीनंतर तो पण ढिला होतो, म्हणून मी त्याला गाडी विकायची असलेल्या माणसाचा उपाय म्हणतो. एम-सील लावून नट कायमचा बसवा असं कोणी सांगितलं तर मान हलवून निघून या, पुढच्या वेळी ऑइल काय वरून चमच्यानं काढणार का. खरा उपाय हेलिकॉइल. भोक थोडं मोठं करून, टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार मारून आत स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवतात, तिचे आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा भारी निघतात, नट मात्र जुन्याच मापाचा लागतो. हे लेथवाल्याकडून किंवा ज्याच्याकडं त्या मापाचा किट आहे त्याच्याकडूनच करून घ्या, घरी नको, कारण भोक जरा तिरपं गेलं की आयुष्यभर ठिबकणार. त्याच्याजवळ उभं राहून एकच बघा, टॅपच्या खाचांत ग्रीस भरून टॅप मारतोय का. ग्रीस असलं की ॲल्युमिनियमचा बुरा त्याला चिकटून बाहेर येतो, नसलं तर इंजिनात पडतो. झाल्यावर वरून अर्धा कप स्वस्तातलं ऑइल ओतून खालून वाहू द्या, त्यात चमचम दिसली की अजून एकदा ओता.

स्क्रूचं दुखणं वेगळं आहे अन् त्यात तुमची चूक खरोखर कमी आहे. या गाड्यांचं खानदान जपानी, १९८५ ची सीडी १०० असो की १९९४ पासूनची स्प्लेंडर असो. जपानी फुलीची खाच अन् बाजारात मिळणाऱ्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरचं टोक हे दिसायला भाऊ-भाऊ पण सख्खे नाहीत. फिलिप्सचं टोक त्या खाचेच्या बुडापर्यंत बसत नाही, वरच टेकतं, अन् जोर लावला की घसरून वर येतं. वर आलं की खाचेचे काठ खातं. तीन वेळा वर आलं की फुलीची वाटी झाली. जपानी मापाचा म्हणजे जेआयएसचा ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो, दोन नंबर अन् तीन नंबर असे दोनच घ्या, सेट बिट घेऊ नका. कार्बोरेटरच्या वाटीला दोन नंबर लागतो, अन् जुन्या गाड्यांच्या केसिंगला ६ एमएमचे जे फुलीचे स्क्रू असतात त्याला तीन नंबर. घरोघरी दोन नंबरचा ड्रायव्हर असतो आणि लोक सगळीकडं तोच खुपसतात.

पण ड्रायव्हरच्याही आधी खाच साफ करा. हे मला २०१६ नं शिकवलं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायलं होतं, प्यायला नाही तिथं गाडी कोण धुणार, गाड्या जशा यायच्या तशाच खोलायच्या. आमची काळी माती एकदा का स्क्रूच्या खाचेत बसून वाळली की सिमेंट होते, वरून नुसती धूळ वाटते पण ड्रायव्हर निम्मासुद्धा आत जात नाही. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं जेवढे स्क्रू गोल झाले तेवढे त्याआधी कधी झाले नव्हते. तेव्हापासून सवय लागली, डिझेलमध्ये बुडवलेला जुना दात घासायचा ब्रश, मग दाभणाच्या टोकानं खाच कोरायची, मग ड्रायव्हर ठेवून वरून हातोडीनं एक हलका ठोका. हलका म्हणलोय, कार्बोरेटरची बॉडी ठिसूळ असते. अन् फिरवताना निम्म्याहून जास्त ताकद दाबायला, उरलेली फिरवायला, लोक बरोबर उलटं करतात.

तुमचे दोन स्क्रू आता गोल झालेच आहेत. त्यांचं डोकं वर उघडं असतं, लॉकवाल्या ग्रिप पकडीनं डोकं बाजूनं धरून फिरवलं की निघतात, आधी रात्रभर रस्टोलिन किंवा डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. निघाले की वाटीचे सगळेच स्क्रू फेकून त्या मापाचे ॲलन म्हणजे सहाकोनी खाचेचे स्क्रू टाका, आयुष्यात परत ती कटकट नाही. हातोडीनं ठोकला की फिरतो तो इम्पॅक्ट ड्रायव्हर चांगली चीज आहे पण तो इंजिनच्या केसिंगसाठी, कार्बोरेटरवर चुकूनही मारू नका.

स्प्रिंग. ही उडाली ती बहुतेक हवेच्या स्क्रूची असणार, तिच्यामागं एक इवलंसं वायसर अन् त्यामागं मोहरीपेक्षा थोडी मोठी रबराची रिंग असते. ती रिंग भोकातच चिकटून राहिली असेल तर नशीब, बघा बॅटरी मारून. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून अंगणात फिरवा, स्प्रिंग सापडेल. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारक्या भोकाची नळी, उडाली असती तर मात्र चुंबकाचा उपयोग शून्य, ती पितळेची. कार्बोरेटरच्या दुरुस्तीचा किट मिळतो त्यात हे सगळं येतं, पण पुढच्या वेळी परातीत बसून काम करा अन् परातीखाली जुनी पांढरी चादर. आमच्या हिला परात दिलेली आवडत नाही म्हणून मी दुसरी घेतली, ते पण हत्यारच समजा. अजून एक, तो हवेचा स्क्रू काढायच्या आधी हळूच पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा, बसवताना तेवढेच उलटे. नाहीतर आयडल, म्हणजे रेस न देता गाडीचं चालू राहणं, काही केल्या बसत नाही अन् तुम्हाला वाटतं कचरा राहिला, परत खोलता, परत स्प्रिंग. अन् पायलट जेटच्या भोकात सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. लाइटच्या वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो. उजेडाकडं धरून बघा, गोल टिपका दिसला की झालं साफ.

आता रविवार संध्याकाळ. मी इतकी वर्षं बघायलोय, घरी काम करणाऱ्यांच्या ज्या गाड्या माझ्याकडं पोत्यात पार्ट घालून येतात त्या जवळपास सगळ्या सोमवारी सकाळी येतात. बरोबर आहे ना, सुट्टी रविवारची, दुपारी ऊन, उन्हाळ्यात आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत पाना हातात धरवत नाही म्हणून माणूस चारला बसतो. सहाला पहिला नट अडतो. त्या वेळी तुमचं गाव सोडा, लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात पण त्यातल्या एकाही रस्त्यावर तेवढ्या वेळेला तुमच्या मापाची पॅकिंग मिळायची नाही. उद्या सकाळी शाळा. अंधार पडायला. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. आता सांगा, अशा माणसाच्या हातात पाइप द्यावा का? तो जोर हातातून येत नाही सर, तो सोमवारच्या सकाळमधून येतो. मी गॅरेजवर शांत असतो त्याचं कारण मी लई हुशार आहे असं नाही, मला ती गाडी उद्या चालवायची नसते, अन् दहा पावलांवर पार्टचं दुकान असतं.

म्हणून तुम्ही शाळेच्या सुट्ट्यांत, सकाळी सहाला, अन् पार्ट आधी आणून ठेवूनच काम काढा. वायसर, पॅकिंग, प्लग, ऑइल, जे लागणार ते समोर असल्याशिवाय एकही नट हलवायचा नाही. नट अडला तर त्या दिवशी काम बंद, तेल मारून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच नट सहसा निघतो. नट रात्रीतून बदलत नाही म्हणा, पण तेल मुरतं अन् आपलं डोकं पण थंड होतं.

घाईचा माझा किस्सा सांगतो, कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती, स्वतःला उस्ताद समजायचो. एका १०० सीसी गाडीचं मागचं चाक काढून ब्रेक लायनर टाकले, चाक बसवायलो तेवढ्यात फोन आला. बोलून आलो, चेन सेट केली, एक्सलचा नट आवळला, ट्रायलला निघालो. ब्रेकच्या झाकणाला चेसीसशी बांधून ठेवणारी एक पट्टी असते, टॉर्क आर्म, तिचा नट मी नुसता हातानं चढवला होता, आवळायचा राहिला अन् पिन पण घातली नाही. औसा रोडला वळणावर ब्रेक दाबला तर नट कधीच पडून गेलेला, झाकण चाकासोबत फिरलं, ब्रेकचा रॉड गुंडाळला अन् चाक जाम. गाडी तिथंच थांबली, मी पुढं गेलो. स्पीड पंधरा-वीसचा होता म्हणून कोपरावर निभावलं. तेव्हापासून नट पूर्ण आवळला की त्यावर पांढऱ्या पेंटचा ठिपका देतो, ठिपका नाही तर गाडी बाहेर जात नाही, मालक कितीही घाई करो. तुम्ही खडू वापरा, तुमच्याकडं खडूची काय कमी. अन् ब्रेकचं, चाकाचं काम चालू असताना फोन घरात ठेवा.

चेनचं पण सांगून टाकतो, कारण पुढचा रविवार तुम्ही तिलाच हात लावणार. जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते तिकडं, उघडी बाजू मागं. चेन फार ताठ करू नका, २० ते ३० एमएम खालीवर हललीच पाहिजे, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. मी ताठ चेननं बेअरिंग गेलेल्या जेवढ्या गाड्या बघितल्यात तेवढ्या ढिल्या चेननं पडलेल्या नाही बघितल्या. अन् जळकं ऑइल चेनला ओतायची आपल्याकडं जी पद्धत आहे ती शेतरस्त्याच्या धुळीत सोडाच, धूळ अन् तेल मिळून पॉलिश पेपर तयार होतो.

तुम्ही हे पण लिहिलंय की गाडी मिसिंग करायली, म्हणजे मधेच झटके खायली, म्हणून प्लग बदलला, कॉइल बदलली, मग कोणी सांगितलं म्हणून कार्बोरेटर खोललं. हा सगळ्यात महाग छंद आहे, अंदाजानं पार्ट बदलणं. आधी फुकटातलं बघायचं. एअर फिल्टर काढून झटका, आपल्याकडं मे महिन्यात त्यातून ओंजळभर माती निघते. प्लगची टोपी हलते का. टाकीत पाणी आहे का, कार्बोरेटरच्या खालच्या ड्रेन स्क्रूतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं ठेवा, पाणी असलं तर खाली वेगळं बसलेलं दिसतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली तर हे जास्त. यात एक रुपया जात नाही.

गॅरेजवाले गुंडाळतात का? काही जण गुंडाळतात, मी खोटं कशाला बोलू. त्याच्यावर उपाय सोपा आहे, जुना पार्ट परत मागायचा, अन् तो बदलताना शेजारी उभं राहायचं. पण पैसे वाचतील म्हणून घरी करत असाल तर पहिली दोन वर्षं वाचत नाहीत, हत्यारांतच जातात. तुम्ही सेट घेतला त्यातले निम्मे पाने तुम्हाला कधी लागायचे नाहीत. ८, १०, १२, १४, १७ चे चांगल्या पोलादाचे रिंग पाने, ८ अन् १० चा टी पाना, प्लग पाना, ते दोन ड्रायव्हर, एवढ्यावर स्प्लेंडरचं घरचं काम उरकतं. हलका पाना नट गोल करतो, तो स्वस्त नसतो.

हात कुठं लावायचा नाही ते पण सांगतो. स्टीअरिंगचे कोन म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, क्लच, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं अन् इंजिनचं झाकण, एवढं सध्या राहू द्या. अन् उद्या नवीन गाडी घेतली तर एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत कार्बोरेटर गेलं, इंजेक्शन आलं, तिथं ब्रश अन् डिझेल चालत नाही. त्यात घरी करण्यासारखं म्हणजे फिल्टर, प्लग, ऑइल, चेन अन् बॅटरी. साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा, गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवली पाहिजे अन् चालू गाडीत रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. बॅटरी पडली की या गाड्या असे काही विचित्र नखरे करतात की माणसाला वाटतं सेन्सरच गेला. अन् यामाहाचा उजवा आरसा कधी काढायची वेळ आली तर उलटे आटे असतात त्याला, आवळायच्या दिशेनं फिरवला की निघतो. एवढा बारका आरसा, पण त्याच्यापायी मी एका पोराला रडताना बघितलंय.

तर सोडू नका सर. आधी हेलिकॉइल करून घ्या, नवीन वायसर टाका, नट वीतभराच्या पान्यानं एका हातानं आवळा, ऑइल टाका अन् पातळी काडीवर बघा. हे शनिवारी सकाळी शाळा नसेल तेव्हा करा. मग गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणा अन् रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला तर सोमवारी गाडी काढा. एखादा थेंब दिसला तर पाना घेऊन बसू नका, आदल्या रात्रीचं ओघळलेलं तेल पण असू शकतं, नट पुसून पुठ्ठा बदला अन् अजून एक रात्र बघा. परत थेंब आला तर सोमवारी बसच, अन् गाडी लेथवाल्याकडं.